ग्रेपचं कूळ

रात्री बॅकअपचा जॉब फेल झाला की शहाडच्या आमच्या सर्व्हर रूममध्ये पहिली कमांड टाइप होते ती ग्रेप. डीबग लॉगच्या लाखो ओळींतून हव्या तेवढ्याच ओळी ती काढून देते. या कमांडच्या जन्मकथेत अमेरिकेच्या राज्यघटनेची बाजू मांडणारे १७८७-८८ मधले ८५ लेख येतात, हे वाचलं आणि मी तिच्या कुळाच्या मागेच लागलो.

बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतले ब्रायन कर्निघन सांगतात ती हकीकत अशी. तिथलेच ली मॅकमहन त्या फेडरलिस्ट लेखांचा अभ्यास करत होते. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी ते एकाच टोपणनावाने लिहिले, त्यामुळे काही लेखांचा खरा लेखक कोण हा वाद होता. मजकूर दहा लाखांहून जास्त अक्षरांचा, आणि पीडीपी-११ या संगणकावर एका प्रोग्रॅमला मेमरी मिळणार फार तर ६४ किलोबाइट. ‘ईडी’ या मजकूर-संपादक प्रोग्रॅमला हे पेलेना. मग त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी ईडीतला शोधाचा भाग सुटा केला. ईडीत तो शोध ‘जी/आरई/पी’ (आरई म्हणजे शोधायचा नमुना) असा लिहीत, म्हणून नाव ग्रेप.

दुसरी हकीकत बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांची. फायलींत शोधायचं साधन हवं, असं त्यांनी थॉम्पसनना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते हजर झालं. थॉम्पसन म्हणतात, प्रोग्रॅम माझ्यापाशी आधीच होता, रात्रीत फक्त नीटनेटका केला. मला हीच बाजू बळकट वाटते, कारण कर्ता स्वतः सांगतोय. मॅकमहन हे पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी असावेत, असा माझा कयास आहे. त्यांनी पुढे ‘सेड’ लिहिला, आणि तोही ओळीमागून ओळ घेत जाणारा.

संगणकशास्त्राची मंडळी या कुळाचा मूळपुरुष म्हणून गणिती स्टीफन क्लीनी यांचं नाव घेतात. नमुना मांडायचं गणित १९५० च्या दशकात त्यांनी दिलं आणि १९६८ मध्ये थॉम्पसननी ते यंत्रावर चालवून दाखवलं, हे खरंच. पण ते गणित ईडीतही होतंच की! ग्रेप ईडीपेक्षा वेगळी ठरली ती कमी मेमरीत भागवण्याने. ओळ वाचायची, जुळली तर छापायची, सोडून द्यायची, पुढची घ्यायची. फाइल कितीही मोठी असो, मेमरी लागते जेमतेम. संपादकात उघडता उघडत नाही असा कित्येक जीबींचा बॅकअप लॉग ग्रेप आजही चाळते, ते याच गुणामुळे. युनिक्स या संचालन प्रणालीच्या १९७३ च्या मॅन्युअलात ती आली, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

बॅकअपच्या घराण्याची शाखा वेगळी. नेटबॅकअप हे बॅकअपचं सॉफ्टवेअर १९८७ मध्ये कंट्रोल डेटा कंपनीत क्रायस्लरसाठी सुरू झालं, १९९७ मध्ये व्हेरिटासकडे आलं, आणि नंतर व्हेरिटासच्या पुण्याच्या केंद्रातही त्यावर काम झालं. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीच्या पुराचं पाणी ज्यांनी पाहिलंय, त्यांना दुसरी प्रत दुसऱ्या जागी का ठेवायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

याच घराण्यात ग्रेप एका ठिकाणी अडते. नेटबॅकअपचे काही घटक सांकेतिक स्वरूपात लॉग लिहितात. फाइलच्या नावात आधी ५१२१६ हा उत्पादनाचा क्रमांक, मग घटकाचा: ११६ म्हणजे जॉब कधी सुटायचा ते ठरवणारा एनबीपीईएम, ११७ म्हणजे जॉब सांभाळणारा एनबीजेएम. हे वाचायला ‘व्हीएक्सलॉगव्ह्यू’ लागतं. त्याला घटक आणि वेळ सांगितली की ओळी वाचण्याजोग्या होऊन बाहेर पडतात, आणि त्या पाइपने पुन्हा ग्रेपकडेच देता येतात.

प्रत्यक्ष डेटा हलवणारे बीपीबीकेएआर आणि बीपीटीएम मात्र साध्या मजकुरातच लॉग लिहितात. त्यामुळे स्टेटस ८४, म्हणजे मीडियावर लिहिताना चूक, असा जॉब पडला की पहिला अर्धा माग व्हीएक्सलॉगव्ह्यूने काढायचा. मग जॉबच्या तपशिलातून बीपीटीएमचा प्रोसेस क्रमांक उचलायचा, त्याच्या लॉगमध्ये चौकोनी कंसात तोच क्रमांक असलेल्या ओळी ग्रेपने वेगळ्या करायच्या, आणि त्यात पहिली एरर कुठे आली ते पाहायचं.