किण्वाची पारख



उज्जयिनीतील देवास गेट हे नाव देवास-इंदूरकडे बसने ये-जा करणाऱ्या माळव्यातील मराठी मंडळींना नवे नाही. तेथून काही किलोमीटरांवर, क्षिप्रेच्या काठी, काळभैरवाला आजही मद्याचा नैवेद्य दाखवितात. आणि याच नगरीच्या महानगरपालिका हद्दीत १ एप्रिल २०२५ पासून मद्यविक्री मात्र बंद झाली आहे. मद्य घ्यावे की वर्ज्य करावे, हा आजचा विषय नव्हे. झाकलेल्या भांड्यात चाललेले आंबण्याचे काम माणसाने कसकसे ओळखले, एवढेच आज पाहावयाचे आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक नावाच्या सुरेसाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व, असे प्रमाण त्यात दिले आहे. किण्व म्हणजे आंबविणारे विरजण. त्यावाचून काम सुरू होत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते. आसव-अरिष्टे करणाऱ्या वैद्यांनी पुढची पायरी गाठली. ते घागरीला कान लावीत. आत सळसळ ऐकू आली, तर काम चालू आहे. घागरीच्या तोंडाशी पेटती वात धरीत. ती विझली, तर वायू अजून निघत आहे. आवाज थांबला, वात जळत राहिली आणि वनस्पतींचा चोथा तळाशी बसला, म्हणजे आसव सिद्ध झाले.

जर्मनीतील मद्यकारही असाच डोळ्यांवर आणि नाकावर विसंबून होता. बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध कायद्याने बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांनाच मुभा दिली. यीस्टचा त्यात उल्लेखही नाही! जुन्या पिंपातील फेस वा गाळ नव्यात घालावा, हे त्यांना कळत होते. तो सजीव आहे, हे कळत नव्हते. १८३७ च्या सुमारास श्वान याने बर्लिनमध्ये ते सांगितले, तेव्हा लीबिखसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाने त्याची टर उडविली. पाश्चरने १८५७ पासून केलेल्या प्रयोगांनी तो वाद बहुतांशी मिटविला आणि १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हॅन्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले.

कोण काम करतो हे कळले. पण काम किती झाले, हे कसे कळावे? त्याचे उत्तर हायड्रोमीटरने त्याआधीच देऊ केले होते. हल येथील रिचर्डसनने १७८४ मध्ये मद्यकारांसाठी त्याचा पुरस्कार केला. प्रागच्या बॅलिंगने १८४३ मध्ये साखरेच्या टक्केवारीची मोजपट्टी दिली. तत्त्व सोपे आहे. गोड काढा पाण्याहून जड असतो. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क करते आणि मद्यार्क पाण्याहून हलका. म्हणून कोलोन शहराच्या पद्धतीची एल बिअर घरी करणारा परदेशी हौशी माणूस प्रारंभी सुमारे १.०४८ घनता मोजतो. ती १.०१० च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस स्थिर राहिली, तरच तो बाटल्या भरतो. फेस विरला एवढ्यावर त्याने विश्वास ठेवला, तर थंडीने नुसते झोपी गेलेले यीस्ट बाटलीत पुन्हा जागे होते आणि वायूच्या दाबाने काच फुटते.

येथे आपल्या वैद्यांचे कौतुक वाटते. ते घागर धान्याच्या राशीत पुरून ठेवीत. त्यामुळे ऊब सारखी राही आणि थंडीने आलेली शांतता ही पूर्णतेची शांतता समजण्याचा धोका टळे. शिवाय एका खुणेवर न थांबता कान, ज्योत आणि गाळ अशा तीन साक्षी ते घेत. त्यांच्याजवळ आकडा नव्हता. परंतु एकच लक्षण पाहून निर्णय देऊ नये, ही शास्त्राची शिस्त होती. आकड्याने तिला अचूकपणा दिला. जे काम डोळ्यांआड चालते, त्याच्याविषयी घाईने निकाल देऊ नये, हा धडा घागरीपुरताच आहे असे थोडेच आहे?