एक्झॉस्ट मॅनिफोल्ड
एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हा इंजिनाच्या सर्व सिलिंडरांतील तप्त धूर एकत्र करून धूरनळीकडे नेणारा भाग होय. तो बहुधा बिडाचा ओतलेला असतो. देवळाली प्रवरासारख्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरवर दिसणारा मॅनिफोल्ड कोरडा असून हवेने थंड होतो. शिडाच्या नौकेतील डिझेल इंजिन बंदिस्त जागेत असल्याने त्याच्या मॅनिफोल्डभोवती सहसा पाणी खेळवले जाते.

बिघाड
वारंवार तापण्या-निवण्याने बिडाला तडे जातात. खाऱ्या पाण्याने ते गंजते. आतली भिंत झिजल्यास पाणी सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नसल्याने इंजिन सुरू करताना कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तड्यातून गळणाऱ्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असून केबिनमध्ये साचल्यास प्राणघातक ठरतो.

दुरुस्ती
गंजलेले बोल्ट तुटू नयेत म्हणून त्यांना तेल देऊन, ऊब देऊन सैल करतात. तडा वाढू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रे पाडतात. मग भाग तापवून निकेलयुक्त कांडीने थोडे थोडे वेल्डिंग करतात व तो चुन्यात किंवा राखेत सावकाश निवू देतात. एकदम थंड केल्यास नवा तडा जातो. बसण्याचा पृष्ठभाग सपाट करून नवे पॅकिंग घालतात आणि बोल्ट मधून कडांकडे टप्प्याटप्प्याने आवळतात. पाण्याची पोकळी दाब देऊन तपासतात. भिंत आतून गंजून पातळ झाली असल्यास वेल्डिंग टिकत नाही. अशा वेळी मॅनिफोल्ड बदलणेच योग्य ठरते.