ठाण्याचीं पंधरा घरें

जुबिलीच्या प्रसंगीं ज्यांनीं देऊळ बांधिलें, घंटा दिली, वेदी घडविली, त्यांचीं नांवें आदरानें छापण्याची रूढि आहे, व ती योग्यच आहे. परंतु आमच्या याच खाडीच्या कांठीं एक असा लहानसा ख्रिस्ती समाज होऊन गेला, कीं ज्याचें ना देऊळ उरलें, ना एकाहि माणसाचें नांव. त्याची आठवण या अंकांत व्हावी, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १३२१ च्या सुमारास फ्रान्सिस्कन संघाचे चार बंधु, टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व देमेत्रियस, होर्मुझहून गलबतानें निघाले. जावयाचें होतें कोल्लमला. वाऱ्यानें आणिलें ठाण्यास. सोबत डोमिनिकन संघाचे फादर जॉर्डन होते. परका मुलुख, परकी सत्ता! मागाहून येथें आलेले प्रवासी बंधु ओडोरिक लिहितात कीं, ठाण्यांत ख्रिस्ती घरें अवघीं पंधरा होतीं, आणि तीं नेस्टोरियन पंथाचीं. ओडोरिक त्यांस पाखंडी म्हणतात. त्याच पाखंड्यांपैकीं एकानें या चौघांस आपल्या घरीं उतरून घेतलें.

त्या घरांत एके दिवशीं नवराबायकोचें भांडण झालें. नवऱ्यानें मारलें म्हणून बायको काजीकडे दाद मागावयास गेली, आणि साक्षीदार कोण, असें विचारतां तिनें घरच्या पाहुण्यांकडे बोट दाखविलें. तेथून गोष्ट धर्मवादावर गेली. आम्हांस हा तपशील फार मोलाचा वाटतो. हुतात्म्यांस आसरा देणारें तें घर कांहीं संतांचें घर नव्हतें. तेथें आदळआपट होती, आणि तरीहि परक्यासाठीं दार उघडें होतें.

पुढें अधिकाऱ्यानें तिघांस खाडीपलीकडील वस्तींत धाडिलें. तेथें त्यांस थारा दिला तो एका मूर्तिपूजक गृहस्थानें. रात्रीं शिपाई आले. ९ एप्रिल रोजीं तिघांचा वध झाला. सामान सांभाळण्यास मागें राहिलेल्या पीटर यांचा ११ एप्रिल रोजीं. फादर जॉर्डन तेव्हां सोपाऱ्याकडे गेले होते. ते परतले, व एका जिनोवाकर तरुणाच्या साह्यानें त्यांनीं तीं शरीरें सोपाऱ्यास नेऊन पुरलीं.

आमची वाशी याच खाडीच्या पूर्वतीरावर वसली आहे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, १९७३ सालीं पूल झाला. आगगाडी मात्र पोंचली १९९२ च्या मे महिन्यांत. त्या मधल्या वर्षांत वसई, गोवा, मंगळूर, केरळ अशा चहूंकडून आलेलीं तुरळक कुटुंबें एकमेकांस धरूनच राहिलीं. केरळीय बंधूंचा सिरो-मलबार विधि पूर्व-सिरियन परंपरेंतला, म्हणजे त्या पंधरा घरांच्याच कुळींतला. १९८८ सालीं त्यांच्यासाठीं कल्याणचा धर्मप्रांत झाला, हें रास्तच झालें. परंतु रविवारीं वेगळ्या देवळांत जाणारे आम्ही आजारपणांत, मयताच्या दिवशीं एकत्र असतों काय?

आमच्या लहान ख्रिस्ती समूहांच्या याद्या आम्हीं चाळून पाहिल्या. त्यांत मालकीच्या घरांत राहणाऱ्यांचीं नांवें आहेत. अकरा महिन्यांच्या करारावर आलेलें कुटुंब बहुधा नाहीं, व शेजारचें सिरो-मलबार घर तर नाहींच. या याद्या जिन्याजिन्यानें, दारोदार फिरून नव्यानें कराव्या, अशी सूचना आम्हीं धर्मग्रामाच्या मंडळापुढें ठेविली आहे.