दानाचे नियोजन आणि निवाऱ्याचा प्रश्न : काशीच्या राजा घाटाच्या निमित्ताने

काशीच्या घाटांच्या रांगेत नारद घाट आणि खोरी घाट यांच्यामध्ये असलेला राजा घाट पूर्वी अमृतराव घाट या नावाने ओळखला जाई. मराठी इतिहासलेखनात अमृतराव पेशव्यांची दखल प्रामुख्याने 1802-03 च्या पुण्यातील राजकारणापुरती घेतली जाते. त्यांच्या उत्तरायुष्यातील दानव्यवहार मात्र एका वेगळ्या प्रश्नाच्या संदर्भात अभ्यसनीय ठरतो. निराधारांसाठी द्रव्य कोणी, कोणत्या निकषावर आणि किती काळासाठी द्यावे, हा तो प्रश्न होय.

अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरच्या लढाईनंतर दुसरा बाजीराव पुण्यातून निघून गेला आणि यशवंतराव होळकरांच्या पाठबळाने पुण्याचा कारभार काही काळ अमृतरावांकडे आला. 1803 मध्ये त्यांनी कंपनी सरकारशी तह केला आणि त्यांना सालीना सात लाख रुपयांची नेमणूक मिळाली. पुढे ते काशीत राहिले. म्हणजे काशीतील हा मोठा दाता स्वतःच सत्तेपासून व स्वभूमीपासून दुरावलेला होता, आणि त्याचे दानही बव्हंशी एका राजकीय अनुदानावर उभे होते.

1824 मध्ये काशीस आलेले कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी या दानाची हकिकत नोंदविली आहे. त्यांचे प्रवासवृत्त मरणोत्तर, 1828 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षातील एका नियत दिवशी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत येणाऱ्या प्रत्येक ब्राह्मणास, तसेच प्रत्येक अंध वा पंगू व्यक्तीस भात आणि एक रुपया मिळे. शहराबाहेरील बागेला चार दरवाजे होते. तीन दरवाजे तीन प्रकारच्या याचकांसाठी उघडत. चौथा अमृतराव व त्यांच्या नोकरांसाठी राखलेला असे. दान घेतलेल्याने दिवसभर बागेतच थांबावयाचे, म्हणजे तो दुसऱ्यांदा रांगेत येऊ नये. आत सावली आणि पाणी यांची सोय असे.

हेबर यांना ही व्यवस्था कौतुकाची वाटली. मराठी वाचकाला मात्र तीत पुण्याच्या पर्वतीखालचा रमणा आठवल्यावाचून राहत नाही. पेशव्यांच्या श्रावणी दक्षिणेच्या वेळी ब्राह्मणांना तटबंद आवारात घेतले जाई आणि बाहेर पडताना दरवाज्याशी दक्षिणा दिली जाई. पुण्यात आधी कोंडून मग देणे, काशीत आधी देऊन मग थांबविणे, एवढाच क्रमाचा फरक. या साम्यावरून काशीची रीत पुण्याच्या प्रशासकीय अनुभवातून आली असावी, असे अनुमान करता येते. तथापि एक भेद महत्त्वाचा आहे. रमण्यात पात्रता जातीची व विद्येची होती; काशीत तिच्या शेजारी अंध आणि पंगू यांची गरजही पात्रता म्हणून मान्य झाली. जुना निकष मोडला नाही, पण त्याच्या बाजूला दुसरा दरवाजा उघडला गेला.

या वृत्तांतात याचक बोलत नाहीत. सूर्यास्तानंतर ते कोठे गेले, हे कळत नाही. बागेतील सावली हा त्यांचा निवारा नव्हता. ती हिशेब राखण्याची युक्ती होती. घेणाऱ्याची बाजू पाहावयाची तर विष्णुभट गोडसे यांच्या 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’कडे वळावे लागते. घरच्या कर्जामुळे वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या या भिक्षुकाला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातील दक्षिणेची आशा होती. दक्षिणा म्हणजे केवळ पुण्याचा व्यवहार नव्हे, तर कर्जात बुडणारे घर वाचविण्याचा मार्ग, हे येथे दात्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्या लेखणीतून उमगते.

तिसरा प्रश्न काळाचा. अमृतराव 1824 मध्ये वारले. त्यांचे पुत्र विनायकराव यांच्या 1853 मधील निधनानंतर नेमणूक बंद झाली. व्यक्तीच्या आयुष्याला बांधलेले अनुदान व्यक्तीबरोबर संपते. पुण्याची दक्षिणा 1818 नंतरही टिकली, कारण ती संस्थेशी जोडली गेली. 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा स्थापन झाली आणि पुढे या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला. मराठी गद्याला याचा लाभ झाला; निराश्रिताला मात्र झाला नाही. निधी टिकणे आणि त्याचा मूळ हेतू टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17.7 लाख बेघर नोंदले गेले. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा असावा असा आग्रह धरला. 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निवाऱ्यांसाठी केंद्र व राज्यांचा निधी नगरसंस्थांपर्यंत नेला आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागेचे प्रमाण ठरविले. येथे दाता जाऊन नागरिकाचा हक्क आला, हा पालट मूलगामी आहे. तरीही मोजणीत कोण येतो, दरवाज्यातून कोणास आत घेतले जाते आणि निधीची मुदत संपल्यावर काय होते, हे प्रश्न अमृतरावांच्या बागेपासून फार दूर गेलेले नाहीत. दानाच्या इतिहासाचा अभ्यास दात्याच्या औदार्यापाशी न थांबता सूर्यास्तानंतरच्या याचकापर्यंत गेला पाहिजे, तो यासाठीच.