माकणीचा अगस्त्य आणि म्युनिकचा घुमट

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने पुण्याचं ‘आयुका’ हे खगोलविज्ञान केंद्र सर्वांसाठी आपली दारं उघडतं. विद्यापीठाच्या आवारातल्या या संस्थेत त्या दिवशी तिकीट लागत नाही की ओळख लागत नाही. आजी-आजोबा, आईचं बोट धरलेली मुलं, शाळांच्या रांगा, सगळी विज्ञान पाहायला येतात. अशा दिवशी आम्ही संशोधक खुशीत असतो; किती लोक आले ते मोजतो. पण धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा धरणाजवळचं माकणी पुण्यापासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. तिथून कोण येऊ शकलं नाही, हे आमच्या मोजणीत येत नाही. मग ‘सर्वांसाठी खुलं’ म्हणजे नेमकं काय? यासाठी थोडं मागे जाऊ या.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८० च्या दशकात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून एक वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. प्रमुख होते प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला घेतले. म्हणजे जागतिक दर्जाचं खगोलशास्त्र धाराशिवच्या अगदी शेजारच्या जिल्ह्यात येऊन गेलं होतं! पण १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या आधारावर उभं राहिलेलं काम त्याच्याबरोबरच थांबलं.

लोकांना आकाश दाखवण्याचा दुसरा मार्ग जर्मनीत निघाला. म्युनिकच्या विज्ञान संग्रहालयासाठी झाइस कंपनीच्या वाल्थर बावर्सफेल्ड यांनी १९२३ मध्ये एक प्रक्षेपक तयार केला. कल्पना सोपी होती. मध्यभागी प्रखर दिवा, भोवती बारीक छिद्रांच्या पट्ट्या आणि भिंगं, आणि वर पांढरा घुमट. सुमारे साडेचार हजार तारे घुमटावर उमटत. १९२५ पासून हे तारांगण लोकांसाठी कायमचं खुलं झालं.

या पहिल्या यंत्राला एक मर्यादा होती. ते फक्त म्युनिकच्याच अक्षांशावरचं, म्हणजे ४८ अंशांवरचं आकाश दाखवू शके. आता गंमत पाहा. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितकाच त्या गावाचा अक्षांश असतो. म्युनिकमध्ये तो ४८ अंशांवर, माकणीत जेमतेम १८ अंशांवर. उलट दक्षिणेकडचा अगस्त्य म्युनिकच्या क्षितिजावर कधी येतच नाही. व्याधाखालोखाल सर्वांत तेजस्वी असलेला हा तारा त्या घुमटात नव्हताच. माकणीतल्या निरक्षर आजीने मात्र तो जन्मभर पाहिलेला असतो. पुढच्या यंत्रात ही मर्यादा दूर झाली आणि कुठल्याही अक्षांशावरचं आकाश दाखवता येऊ लागलं.

तरी ही यंत्रं फार महाग होती. अमेरिकेत आर्मंड स्पिट्झ यांनी १९४७ मध्ये अगदी स्वस्त प्रक्षेपक बनवला, तेव्हा तारांगण शाळांच्या आवाक्यात आलं. आपल्याकडे १९५४ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण सुरू झालं. सरकारी संग्रहालयात किंवा राजवाड्यात नव्हे, तर एका शाळेत! मुंबईचं नेहरू तारांगण त्यानंतर २३ वर्षांनी, १९७७ मध्ये आलं.

या साऱ्या इतिहासात दार हळूहळू रुंद होत गेलेलं दिसतं. पण दार कितीही रुंद झालं तरी त्याच्यापर्यंत पोचावं लागतंच. घुमट हा शेवटी आकाशाचा पर्याय आहे. शहरात दिव्यांच्या झगमगाटात तारे हरवतात, म्हणून तो हवा. माकणीच्या रानात मूळ आकाशच शिल्लक आहे. तिथे उणीव आहे ती ‘हे बघ’ म्हणणाऱ्याची. ती शिक्षक भरून काढू शकतात.

यंदा २८ फेब्रुवारीला रात्री सव्वाआठच्या सुमारास मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना गावाबाहेर मोकळ्या जागी बोलवा. हात ताठ पुढे धरला की मूठ साधारण १० अंश व्यापते. उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठी मोजा, ध्रुव सापडेल. मग पाठ फिरवा आणि दक्षिणेला दोन मुठी मोजा, तिथे अगस्त्य असेल. दोन्ही जवळजवळ सारख्याच उंचीवर! हे असं का, याचं उत्तर लगेच सांगू नका. मुलांना ध्रुवाची उंची रोज मोजू द्या. मग अगस्त्याचीही त्याच वेळी रोज मोजू द्या. एक उंची बदलत नाही, दुसरी हळूहळू कमी होते, हे त्यांनाच सापडू द्या.

आणि आजींना विचारायला विसरू नका. मृग, रोहिणी, कृत्तिका त्यांनी पेरणीच्या हिशोबात जपलेली असतात. सप्तर्षींना कुणी बाज म्हणतं, तेही ऐका. त्या दिवशी शिकवणारं कोण आणि शिकणारं कोण, हे ठरवणं कठीण जाईल. आमच्या मते खुल्या दिवसाची खरी खूण तीच.