खालची पायरी

रेलिगेशनला मराठीत शब्द नाही. ‘पदावनती’ म्हटलं की डोळ्यांसमोर चौकशीत सापडलेला सरकारी अधिकारी येतो, फुटबॉलचा संघ येत नाही. ‘श्रेणी घसरली’ म्हटलं तर शाळेचं प्रगतिपुस्तक आठवतं. शब्द रुळला नाही, कारण त्याची आपल्याला फारशी गरजच पडली नाही. आपल्याकडचे संघ सहसा खाली जात नाहीत. ते बंद होतात.

हा विचार डोक्यात आला तो १८ जुलै २०२५च्या निकालामुळे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादानं त्या दिवशी इंटर काशी या क्लबला आय-लीगचं विजेतेपद दिलं. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं बनारसला राहते आहे, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूला, जिथं अजून काही मराठी घरं टिकून आहेत. जुलैत गंगा चढायला लागते आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात. शेजारच्या काकांना मी बातमी सांगितली, की आपल्या काशीचा संघ आता देशाच्या पहिल्या श्रेणीत जाणार. काका फुटबॉल पाहत नाहीत. त्यांनी साधा हिशेब विचारला, “एक वर गेला म्हणजे एक खाली आला असेल ना? कोण आला?” मी म्हटलं, “कुणीच नाही, काका.” ते म्हणाले, “मग ही कसली शिडी?”

तो वाद थोडक्यात असा. २०२४-२५चा हंगाम ६ एप्रिलला संपला तेव्हा गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर होता, इंटर काशी ३९ गुणांवर. पण जानेवारीत पंजाबच्या नामधारी संघाकडून काशी हरला होता, आणि त्या सामन्यात नामधारीनं अपात्र खेळाडू उतरवला अशी काशीची तक्रार होती. राष्ट्रीय महासंघाच्या एका समितीनं काशीला गुण दिले, दुसरीनं काढून घेतले. महासंघानं चर्चिलला विजेता ठरवलं. शेवटी लोझाननं काशीचे ४२ गुण धरले. गोव्यात दुःख, बनारसात आनंद, असं लिहायला हवं; पण बनारसात बहुतेकांना या संघाचा पत्ताच नव्हता. २०२३मध्ये थेट प्रवेशाच्या वाटेनं लीगमध्ये आलेल्या या क्लबचे मालक कोलकात्याचे, आणि त्यानं आय-लीगचे ‘घरचे’ सामने खेळले ते बंगालमधल्या कल्याणीत (आपलं ठाण्याचं कल्याण नव्हे). काशीस जावे नित्य वदावे, ही म्हण मराठी माणसानं केली खरी, पण ती इतकी चपखल कुणाला लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

काकांच्या शिडीचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो समजून घ्यायला जपानसारखी दुसरी जागा नाही.

जे-लीग १९९३मध्ये दहा क्लबांनिशी सुरू झाली. जपानी फुटबॉल तोवर कंपन्यांच्या संघांचं होतं. निस्सान, मित्सुबिशी, योमिउरी वृत्तपत्र. नव्या लीगनं सांगितलं, की क्लबच्या नावात कंपनी नको, गाव हवं. मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला. पहिल्याच वर्षी उरावा रेड्स तळाला राहिला आणि त्याला काही झालं नाही, कारण खाली जायला श्रेणीच नव्हती. दुसरी श्रेणी आली १९९९मध्ये.

पण त्याच्या आधी एक मरण झालं. १९९८च्या ऑक्टोबरात योकोहामा फ्ल्यूगल्स या क्लबचं शेजारच्याच मरिनोसमध्ये विलीनीकरण जाहीर झालं. दोन प्रायोजकांपैकी एक बांधकाम कंपनी अडचणीत आली होती, दुसऱ्या विमान कंपनीला एकटीनं भार पेलायचा नव्हता. खेळाडूंना आणि चाहत्यांना कुणी विचारलं नाही. घोषणेनंतर फ्ल्यूगल्स एकही सामना हरला नाही. १ जानेवारी १९९९ला त्यांनी सम्राट चषकाचा अंतिम सामना जिंकला आणि त्याच संध्याकाळी क्लब संपला. ज्यांना मरिनोसला टाळ्या वाजवणं शक्य नव्हतं अशा चाहत्यांनी वर्गणी काढून योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब उभा केला आणि तिसऱ्या श्रेणीतून सुरुवात केली.

त्याच वर्षीच्या २७ नोव्हेंबरला उरावाची पाळी आली. शेवटचा सामना, घरचं कोमाबा मैदान, समोर हिरोशिमाचा संघ. तेव्हा जपानात नव्वद मिनिटांत जिंकलं तर तीन गुण मिळत, जादा वेळेत जिंकलं तर दोन, बरोबरीला एक. नव्वद मिनिटं गोल झाला नाही. दुसऱ्या मैदानावर जेफ युनायटेड इचिहारा नव्वद मिनिटांतच जिंकून बसला होता. म्हणजे उरावाचं भवितव्य ठरलं होतं, फक्त सामना उरला होता. आणि तो खेळावा लागला. जादा वेळेत मासाहिरो फुकुदानं गोल केला. नियमाप्रमाणे तिथंच सामना संपला, उरावा जिंकला आणि दुसऱ्या श्रेणीत गेला. इचिहाराचे आणि त्यांचे गुण सारखेच होते, गोलांच्या फरकानं घात केला. जपानी लोक त्याला जगातला सगळ्यात दुःखी गोल म्हणतात. फुकुदानं जल्लोष केला नाही.

मला त्या गोलापेक्षा पुढचं वर्ष जास्त मोलाचं वाटतं. उरावा दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि प्रेक्षक आले. लाल झेंडे घेऊन, लहान लहान शहरांच्या मैदानांवरही आले. एका वर्षात संघ परत वर गेला, २००६मध्ये देशाचा विजेता झाला, २००७मध्ये आशियाचा. खाली गेला म्हणजे नेमकं काय झालं? नाव तेच, रंग तोच, मैदान तेच. फक्त प्रतिस्पर्धी बदलले. रेलिगेशन ही शिक्षा आहेच, पण तिच्यात एक हमी दडलेली असते. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक निघेल आणि त्यात तुमचं नाव असेल.

या दोन क्लबांची गाठ पडली ती फार विलक्षण. २००७मध्ये योकोहामा एफसी, तो वर्गणीचा क्लब, पहिल्या श्रेणीत पोचला आणि त्याच हंगामात तळाला जाऊन परत खाली जायचा ठरला. शेवटच्या दिवशी, १ डिसेंबरला, त्याच्यासमोर होता उरावा, ज्याला विजेतेपदासाठी जिंकणं पुरेसं होतं. योकोहामाला मिळवायचं काहीच नव्हतं. चाळिशीतला काझुयोशी मिउरा मैदानात होता. योकोहामा १-० जिंकला आणि विजेतेपद काशिमाला गेलं. बुडालेल्या संघाकडे एवढी ताकद राहते, याचा विचार आपल्या लीगच्या कोणत्याही बैठकीत झाला असेल असं मला वाटत नाही.

आता आपल्याकडे यायचं तर सुरुवात गोव्यापासून करायला हवी. २००७मध्ये राष्ट्रीय लीगची आय-लीग झाली. पहिली सहा विजेतेपदं गोव्यात गेली: डेंपो, चर्चिल, डेंपो, साळगावकर, डेंपो, चर्चिल. जपाननं जी रीत मोडली तीच आपल्याकडे होती. ही सगळी घराण्यांची आणि कंपन्यांची नावं. मुंबईत महिंद्र युनायटेड होता. त्यानं २००५-०६मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये मालकांनी तो बंद केला. चार वर्षांत विजेता ते नाहीसा, आणि मधे एकदाही रेलिगेशन नाही.

मी पाहत असे तो मुंबई एफसी. २००७ला स्थापन झालेला, पिवळ्या जर्सीचा, कूपरेजवर खेळणारा. चर्चगेटला उतरून ओव्हलच्या कडेनं चालत जायचं. मैदान कधी भरलेलं आठवत नाही. २००९पासून २०१६पर्यंत खालिद जमील प्रशिक्षक होता. संघ कधी मोठं काही जिंकला नाही, खेळ बघायलाही फार देखणा नव्हता, पण दर वर्षी तळाच्या आसपास घुटमळून शेवटी तो वाचायचा. आम्हा चाहत्यांचा सगळा हंगाम तक्त्याच्या खालच्या चार ओळींत जायचा. वरच्या ओळी कोण वाचतो! ज्यानं हे कधी केलेलं नाही त्याला त्यातली मजा सांगता येणार नाही. गोलशून्य बरोबरीनं मिळालेला एक गुण खिशात घालून लोकलनं घरी येताना माणूस श्रीमंत असतो.

त्या काळात तळाचा नियमच वाकडा होता. मोठी रक्कम भरून थेट लीगमध्ये येणाऱ्या कंपनीच्या संघांना सुरुवातीचे काही हंगाम रेलिगेशनपासून अभय असे. २०१५मध्ये शेवटचा आला पुण्याचा भारत एफसी. त्याला अभय होतं, म्हणून त्याच्या वरचा संघ खाली गेला, आणि तो होता पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला डेंपो. २०१६मध्ये पुन्हा तेच. तळाला पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स. खाली ढकलला गेला मिझोरमचा ऐझॉल. भारत एफसी एकच हंगाम खेळून मिटला. शिवाजियन्सही फार टिकला नाही. ज्यांच्यासाठी नियम वाकवला ते गेले, ज्यांचा बळी दिला ते राहिले.

पुण्याचा हिशेब सलग मांडला तर हसू येतं. २०१२-१३मध्ये उपविजेता झालेला पुणे एफसी गेला. त्यात आराता इझुमी खेळायचा, शिमोनोसेकीत जन्मलेला, गुजराती वडिलांचा मुलगा. भारताकडून खेळता यावं म्हणून त्यानं जपानी नागरिकत्व सोडलं. क्लबला तेवढी चिकाटी दाखवता आली नाही. मग एफसी पुणे सिटी होता, तो २०१९मध्ये हैदराबाद झाला, आणि हैदराबाद २०२५मध्ये दिल्लीला गेला. बालेवाडीच्या स्टेडियमला मात्र कुठं जाता येत नाही.

२०१६च्या जूनमध्ये गोव्याच्या क्लबांनी हात टेकले. फ्रँचायझींची आयएसएल हीच यापुढे देशाची पहिली लीग, असा महासंघाचा आराखडा आला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. डेंपो नुकताच दुसरी श्रेणी जिंकून, मेहनतीनं, परत वर आला होता. तोही बाहेर पडला. जागा रिकाम्या झाल्या म्हणून ऐझॉलला परत बोलावण्यात आलं. मुंबई एफसीनं त्याच सुमारास सोडलेला खालिद जमील त्यांचा प्रशिक्षक झाला. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबईकडून खेळलेले दोघं त्याच्या संघात होते. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये १-१ बरोबरी करून ऐझॉल देशाचा विजेता झाला. म्हणजे नियमाप्रमाणे जो त्या लीगमध्ये असायलाच नको होता तो.

त्याच हंगामात तळाला होता मुंबई एफसी.

मी तोवर बनारसला आले होते. फोनवर निकाल बघायचे. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडी उत्सुकताही होती. दुसऱ्या श्रेणीत कुठं कुठं सामने होतील, कोण नवे पोरगे येतील, परत यायला किती वर्षं लागतील. उरावाचं आठवत होतं. पण दुसऱ्या श्रेणीचं वेळापत्रक आलं तेव्हा त्यात मुंबई एफसी नव्हताच. संघ खाली उतरला नाही, मधल्या पायरीवरूनच नाहीसा झाला. निरोपाचा सामना नाही, सम्राट चषक नाही. आम्ही चाहते वर्गणी काढून क्लब उभा करण्याइतके नव्हतोही.

मालकांची बाजू मला कळते. दुसऱ्या श्रेणीचा सामना टीव्हीवर दिसत नाही, प्रायोजक मिळत नाही, आणि संघ चालवायला पैसे तेवढेच लागतात. आयएसएलच्या फ्रँचायझींनी करोडो रुपये मोजले ते खाली जाण्याची भीती विकत घ्यायला नव्हे. पण भीती काढून घेतली की तळाच्या संघाचे शेवटचे सहा सामने उरतात कशाला? २०१९मध्ये आशियाई महासंघाच्या मध्यस्थीनं ठरलं होतं, की २०२४-२५पासून चढणं आणि उतरणं दोन्ही सुरू होईल. चढणं सुरू झालं: पंजाब, मोहम्मेडन, आणि आता इंटर काशी. २०२४-२५मध्ये मोहम्मेडन आयएसएलच्या तळाला राहिला आणि आयएसएलमध्येच राहिला. त्याच वर्षी आय-लीगमधून मात्र दिल्ली एफसी आणि एससी बेंगळुरू नियमाप्रमाणे खाली गेले. नियम होता, तो फक्त गरिबांना लागू होता.

इंटर काशीचे सामने मी बघत राहणार. कुणाला तरी ते बघावे लागतील, आणि बनारसात तशी गर्दी नाही. पण २०२४-२५च्या त्या आय-लीगमध्ये माझं लक्ष खरं तर दुसऱ्याच संघाकडे होतं. डेंपो आय-लीगमध्ये शेवटचा खेळला होता २०१५मध्ये. आता पुन्हा खालच्या लीगमधून, एकेक सामना जिंकत, कुणाचं अभय न घेता, तो २०२४च्या नोव्हेंबरात त्याच आय-लीगमध्ये उतरला. मधल्या नऊ वर्षांत ती लीगच दुसऱ्या श्रेणीची झाली होती.