चौसष्ट पैशांचा रुपया आणि १०२४ बाइटचा किलोबाइट

१ एप्रिल १९५७ रोजी भारतातला रुपया बदलला. त्याची किंमत तीच राहिली, पण तो मोडायची रीत बदलली. तोवर रुपयाचे सोळा आणे होत आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर पैसे झाले. जुनी नाणी लगेच बाद झाली नाहीत. काही वर्षे दोन्ही प्रकारची नाणी दुकानदाराच्या एकाच गल्ल्यात पडत होती.

अडचण तिथेच होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वासहाचे नाणे काही नव्हते. म्हणून कोष्टक ठरले: एका आण्याला ६ नवे पैसे, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना २५. सोळा वेळा सुटा एक-एक आणा बदलला तर हाती ९६ नवे पैसे येणार, शंभर नाही.

पण सरकारने एक शहाणपण दाखवले. नव्या नाण्याला नुसते ‘पैसा’ म्हटले नाही, ‘नया पैसा’ म्हटले. नाण्यावरही तसेच कोरले. दोन मापे एकाच वेळी बाजारात असतील तर त्यांना दोन नावे हवीत, हे त्यामागचे साधे तत्त्व.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. मराठीत ‘सोळा आणे खरे’ आणि उर्दूत ‘सोलह आने सच’ शिकवताना मला हा इतिहास सांगावाच लागतो, कारण वर्गातल्या मुलांनी आणा पाहिलेला नाही. त्यांचे रोजचे माप आहे जीबी. आणि तिथे त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: सर, पेनड्राइव्हवर ६४ जीबी लिहिले आहे, कॉम्प्युटर ५९.६ दाखवतो. बाकीचे गेले कुठे?

कुठेच गेलेले नाहीत. एकाच नावाची दोन मापे आहेत, एवढेच.

‘किलो’ म्हणजे हजार. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धत आली, तेव्हापासून हा अर्थ पक्का आहे. किलोग्रॅम म्हणजे हजार ग्रॅम, यात कोणाला शंका नसते. कॉम्प्युटरचे सगळे काम मात्र दोनवर चालते: शून्य किंवा एक. अशा एका जागेला बिट म्हणतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या निबंधात हा शब्द वापरला आणि तो जॉन टकी यांनी सुचवल्याचे नमूद केले. बिटांच्या गटाला ‘बाइट’ हे नाव १९५६ मध्ये आयबीएममधल्या वर्नर बुखहोल्झ यांनी दिले. तेव्हा बाइट किती बिटांचा, हे ठरलेले नव्हते. १९६४ मध्ये आयबीएमची सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका आली आणि आठ बिटांचा बाइट रूढ होत गेला.

आता मेमरीचा हिशेब पाहा. दहा तारांनी मेमरीतल्या जागांचे पत्ते द्यायचे तर किती पत्ते बनतात? दोनचा दहा वेळा गुणाकार, म्हणजे १०२४. हजाराच्या अगदी जवळ. म्हणून इंजिनिअर मंडळींनी सोयीसाठी १०२४ लाच ‘किलो’ म्हणायला सुरुवात केली. चौसष्ट पैसे हासुद्धा दोनच्याच पटींचा हिशेब होता: निम्मा रुपया, पाव रुपया, दोन आणे, एक आणा.

डिस्कला मात्र असे बंधन नव्हते. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या डिस्क-यंत्राची क्षमता ५० लाख अक्षरे अशी सरळ दशमान पद्धतीनेच सांगितली जाई. मेमरी एका मापाने आणि डिस्क दुसऱ्या मापाने, असा हा घोळ जुना आहे. त्याचा कळस म्हणजे ‘१.४४ एमबी’ची फ्लॉपी. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावत. दशमान हिशेबाने हे १.४७ एमबी, दोनच्या हिशेबाने १.४१. मग १.४४ आले कुठून? त्यात एक एमबी म्हणजे हजार गुणिले १०२४ धरले होते! अर्धे आणे, अर्धे नवे पैसे.

किलोबाइटला हा फरक जेमतेम २.४ टक्के होता. पण माप वाढते तसा फरकही वाढतो. मेगाला तो जवळपास ४.९ टक्के, गिगाला ७.४ आणि टेराला सुमारे १० टक्के होतो. पेनड्राइव्ह बनवणारा ६४ अब्ज बाइट देतो आणि त्याला ६४ जीबी म्हणतो. विंडोज त्याच संख्येला १,०७,३७,४१,८२४ ने भागते आणि उत्तरापुढे पुन्हा ‘जीबी’च लिहिते. अमेरिकेत ग्राहकांनी यावरून कंपन्यांवर खटलेही भरले.

यावर ‘नया पैसा’सारखा उपाय निघाला होता. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ मध्ये १०२४ च्या मापांना वेगळी नावे दिली: किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट. नावे कानाला विचित्र वाटली आणि बाजारात फारशी चालली नाहीत. अॅपलने २००९ मध्ये आपल्या मॅक संगणकांवर डिस्कची मोजणी दशमान केली. विंडोजने जुनीच ठेवली. म्हणजे एकच पेनड्राइव्ह दोन कॉम्प्युटरांवर दोन आकडे दाखवतो.

आपल्या भाषांत आणखी एक भर पडते. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. इंग्रजीत संक्षेप लिहिताना हा फरक फक्त लहान ‘बी’ आणि मोठा ‘बी’ यांवरून कळतो. देवनागरीत आणि उर्दूच्या लिपीत लहान-मोठी अक्षरेच नसतात. दोन्हीकडे ‘एमबी’च. जाहिरातीत शंभर मेगाबिट वाचून घरी सेकंदाला शंभर मेगाबाइटची वाट पाहणाऱ्याला साडेबारावरच समाधान मानावे लागते, कारण आठाने भागायचे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून वर्गात माझा आग्रह असतो: मेगाबिट, मेगाबाइट पूर्ण लिहा, आणि किलोबाइट म्हणताना हजार की १०२४ हे सांगा. पाठ्यपुस्तकांनी आणि परीक्षेच्या प्रश्नांनीही हे पाळायला हवे. माप धूसर असले की त्याचा त्रास मोजून घेणाऱ्याला होतो, मोजून देणाऱ्याला नाही.

१ जून १९६४ पासून ‘नया’ शब्द गळला आणि नुसता पैसा उरला. शंभराचा हिशेब तोवर लोकांच्या अंगवळणी पडला होता, त्यामुळे वेगळ्या नावाची गरज संपली होती. कॉम्प्युटरमध्ये दोन्ही मापे अजून चालू आहेत. तिथे ती गरज संपलेली नाही.